भिंतीवरचा माणूस

फिजिओने पेंटरचा उजवा हात उचलून टेबलावर पालथा ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर. पंजा लगेच खाली लोंबला.

"आता मनगट वर उचला, काका."

पेंटरने दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या, खांदा कानापर्यंत आला, कपाळावर घाम डवरला. पंजा मात्र दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा होता तसाच राहिला.

"खांद्याला कशाला राबवताय? त्याचा काही गुन्हा नाही."

"मग गुन्हा कुणाचा?" शेजारच्या स्टुलावरून पेंटरच्या बायकोने विचारले. एक्स-रेचे मोठे पाकीट तिने मांडीवर उभे धरले होते.

सात आठवड्यांपूर्वी वळणावरच्या खडीत पेंटरची स्कूटर घसरली आणि दंडाचे हाड मधोमध मोडले. हाड आता जुळून आले होते, पण मनगट रुसले ते रुसलेच. चमचा धरता येत नव्हता, शर्टाचे बटण लागत नव्हते. आणि ब्रशचे तर घरात कुणी नावही काढत नव्हते.

फिजिओ तिशीच्या आतली, झरझर बोलणारी मुलगी होती. तिने पेनाच्या टोपणाने पेंटरच्या दंडाला मागून वळसा घातला आणि टोपण कोपराच्या बाहेरच्या अंगाने खाली आणले.

"इथून एक मज्जातंतू येतो. हाडाला अगदी चिकटून. मनगट वर उचलायचा निरोप त्याच्यातूनच जातो. हाड मोडलं तेव्हा तो चेचला गेला. तुटलेला नाही, नुसता गप्प झालाय. स्नायू ठणठणीत आहेत, पण त्यांना निरोपच मिळत नाही."

"म्हणजे नस दबलीय," पेंटर म्हणाला.

फिजिओने टोपण टेबलावर आपटले. "झालं! काका, दिवसभरात चाळीस माणसं मला हेच सांगतात. पोटरीत गोळा आला की नस चढली. पाय मुरगळला की नस लचकली. टाचेमागची कंडरा दुखली तरी नस, हाताला मुंग्या आल्या तरी नस. शब्द एक आणि दुखणी पन्नास. मी उपचार कशावर करायचे?"

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिले. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती भिंत रिकामी होती आणि तिच्यासमोर लांबलचक बाकावर पेशंट आपापल्या नंबराची वाट बघत बसत.

"तुम्ही बोर्ड रंगवता ना? हात बरा झाला की या भिंतीवर मला एक माणूस काढून द्या. एकदा समोरून, एकदा पाठीकडून. लाल स्नायू, पांढऱ्या कंडरा, पिवळे मज्जातंतू. प्रत्येकाचं नाव ठळक अक्षरात. परवानगी मी कधीच काढून ठेवलीय."

पेंटरने डाव्या हाताने उजवा पंजा उचलून मांडीवर घेतला. "बरा होईल तेव्हा ना."

"होईल. पण मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो. घाई केली तर त्याला कळत नाही. तीन-चार महिने तरी धरून चाला."

"मी काढते," बायको म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिले. पेंटरला आधी हसू आले. मग तिचा चेहरा बघून ते मावळले.

एकोणीस वर्षे तो अक्षरांच्या कडा ओढत होता आणि ती त्यांची पोटे भरत होती. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी. तो पुढे सरकायचा, ती मागून रंग भरत यायची. गिऱ्हाईक म्हणायचे, पेंटरचा हात म्हणजे छापच. ते ऐकताना ती डबे पुसत असायची.

"अगं, कडा कोण ओढणार?"

"तुम्ही ओढायचात तेव्हा मी काय डोळे मिटून बसायचे?"

फिजिओने टोपण पेनाला लावले. "काकू, सोमवारी दुपारी या. एकनंतर ओपीडी बंद असते."

*

सोमवारी सुतळीला निळा खडू लावून दोघांनी भिंतीवर चौकटी पाडल्या. सुतळीचे एक टोक तिने धरले, दुसरे त्याने डाव्या हातात. मनगटाला आधाराचा काळा पट्टा बांधलेला उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा आणि सांभाळायला दिलेला असावा. पुस्तकातले चित्र चौकटीचौकटीने मोठे करत ती शिडीवरून खडूने डोके, मान आणि खांदा काढत गेली. तो खाली स्टुलावर बसून बघत राहिला.

"खांदा उतरला."

तिने मागे सरून पाहिले. "कुठे?"

उत्तर द्यायच्या ऐवजी तो उठला आणि ओल्या फडक्याने डाव्या हाताने खांदा पुसून टाकला. तिने पुन्हा काढला. त्याने पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? पेंटरने काढलेला माणूस आणि एका अंगाने कलंडलेला." चौथ्यांदा त्याने फडके उचलले, तेव्हा ती शिडीवरून उतरली, फडके त्याच्या हातातून काढून घेतले आणि कमरेला खोचले.

"आता पुसायचं असेल, तर आधी स्वतःच्या हाताने काढून दाखवा."

बोलून गेल्यावर तिलाच ते लागले. पट्टा बांधलेला हात पोटाशी धरून पेंटर खोलीबाहेर निघून गेला. व्हरांड्यात त्याच्या चपलांचा आवाज लांब लांब जात बंद झाला.

ती शिडीवर चढली आणि खांदा पूर्ण केला. मग दुसरा. बरगड्यांपर्यंत आली तेव्हा दार ढकलल्याचा आवाज झाला. पेंटरच्या डाव्या हातात चहाचा कप होता. तो त्याने शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवला आणि तसाच परत फिरला. कॅन्टीन इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होते आणि एका हातात एकच कप मावत होता. दहा मिनिटांनी तो स्वतःचा कप घेऊन आला, स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघत एक घोट घेतला.

"डावा खांदा चांगला आलाय," तो म्हणाला. "उजवा त्याच्याकडे बघून सुधार."

तिने सुधारला.

*

माणूस उभा राहिला, त्याच्या अंगावर लाल स्नायू चढले, आणि मग अक्षरांची वेळ आली. फिजिओने नावांचा छापील कागद दिला. पेंटरने तो गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या.

"स्नायू दीर्घ. मज्जातंतू दीर्घ. तुम्ही दोन्ही ऱ्हस्व छापलेत, मॅडम."

"असं असतं होय?" फिजिओ ओशाळली.

"ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे. हात गेलाय, डोळे शाबूत आहेत."

कितीतरी आठवड्यांनी त्याच्या बोलण्यात धार आली होती. ती ऐकून बायको शिडीवर भिंतीकडे तोंड करून हसली.

तिची अडचण वेगळीच होती. 'कंडरा' हा शब्द तिने सुबक लिहिला खरा, पण दुसऱ्या दिवशी जरा लवकर येऊन ती बाकावरच्या माणसांजवळ बसली आणि विचारले, "ते काय लिहिलंय, कळतंय का?" कुणालाच कळले नव्हते. एका बाईला ते एखाद्या जागेचे नाव वाटले. तेव्हापासून ती रोज अर्धा तास आधी येऊ लागली. तुम्हाला कुठे दुखतं? त्याला तुमच्यात काय म्हणतात? कधी येते ती कळ, वाकताना की उठताना? माणसे आधी बुजायची आणि मग सांगायची थांबायची नाहीत. दुखण्याचे नाव विचारणारे सगळे भेटले होते, दुखण्याची हकीकत विचारणारी ही पहिलीच.

मग प्रत्येक ठळक नावाखाली बारीक अक्षरांची एक ओळ येऊ लागली. पोटरीच्या स्नायूखाली, 'इथं गोळा येतो.' कमरेजवळ, 'इथं उसण भरते.' घोट्याच्या अस्थिबंधाखाली, 'पाय मुरगळला म्हणजे हा ताणला.' टाचेच्या कंडरेखाली, 'स्नायू हाडाला बांधणारी दोरी ती कंडरा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना दुखते ती हीच.' कोपराच्या आतल्या बाजूला, 'इथं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या.'

फिजिओने कंबरेवर हात ठेवून सगळे वाचले. एका ठिकाणी तिने बोट ठेवले. "हे नको, काकू. 'नस चढते' नाही लिहायचं. त्यासाठी तर सगळा खटाटोप."

"ते मीही पुसणारच होते," बायको म्हणाली आणि पुसले.

पेंटरला हे पटत नव्हते. "गिऱ्हाईक देईल तेवढंच लिहायचं असतं. उभ्या जन्मात मी बोर्डावर एक अक्षर पदरचं घातलं नाही."

"म्हणूनच लोक बोर्ड वाचतात आणि पुढे जातात."

त्याने पेन्सिल उचलली आणि त्या बारीक ओळींचे ऱ्हस्व-दीर्घ तपासायला घेतले.

शेवटी पिवळा रंग घेतला, तेव्हा ती बराच वेळ पाठमोऱ्या माणसाच्या उजव्या दंडासमोर नुसती उभी राहिली. बगलेतून निघून हाडाला मागून वळसा घालणारी ती रेघ. ब्रशला रंग लागला होता, पण हात पुढे जात नव्हता.

पेंटर उठून तिच्यामागे आला.

"श्वास आत घे आणि धरून ठेव. वळणावर कचरू नकोस, मनगट फिरू दे. मध्ये थांबलीस तर गाठ दिसेल."

तिने श्वास धरला. पिवळी रेघ दंडामागून फिरली, कोपराच्या बाहेरून खाली उतरली, पुढे फाटे फुटून मनगटापाशी आणि बोटांच्या मुळांशी पोचली. कुठेही गाठ नव्हती. पेंटर ती रेघ वरपासून खालपर्यंत बघत राहिला. त्याचा डावा हात नकळत स्वतःच्या उजव्या दंडावर गेला होता.

"अशी मला पहिल्या वर्षी येत नव्हती," तो म्हणाला.

*

मोठे डॉक्टर राउंडला आले, तेव्हा सकाळची गर्दी होती. बाक भरलेला होता. पेंटरसोबत सकाळीच आलेली बायको भिंतीच्या खालच्या पट्टीला रंगाचा दुसरा हात देत होती आणि पेंटर फिजिओसमोर टेबलावर हात ठेवून बसला होता. मोठे डॉक्टर म्हणजे सगळ्या विभागाचे प्रमुख. ते खोलीत शिरले की परिचारिका आवाज उतरवत.

ते भिंतीसमोर थांबले. चित्र बघून त्यांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. मग त्यांनी बारीक अक्षरे वाचली आणि भुवया खाली आल्या.

"इथं उसण भरते? इथं गोळा येतो? हे हॉस्पिटल आहे की बसस्टँड?" ते फिजिओकडे वळले. "चित्र छान आहे. नावं राहू देत. ही खालची बडबड पुसून घ्या."

फिजिओ उठून उभी राहिली. "सर, तो मजकूर मी तपासलाय..."

"पाठ्यपुस्तकात आहे का हा?"

बायकोने ब्रश डब्यात ठेवला. तिचे कान लाल झाले होते. कमरेचे फडके तिने काढून हातात घेतले, पण भिंतीकडे पाऊल टाकले नाही.

पेंटर टेबलापासून उठला. पट्टा काढलेला होता, त्यामुळे पंजा तसाच लोंबत होता. एरवी तो चारचौघांत तो हात खिशात लपवी. आज विसरला.

"साहेब, अक्षर माझ्या बायकोचं आहे. शब्द या बाकावरच्या माणसांचे आहेत. मॅडमनी तपासलेत, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी बघितलेत. यात कुठे चूक असेल तर बोट ठेवा, आत्ता पुसतो." तो क्षणभर थांबला. "चूक नसेल तर नाही पुसणार."

मोठ्या डॉक्टरांना असे बोललेले कुणी ऐकले नव्हते. त्यांनी चष्मा खिशातून काढला, डोळ्यांवर चढवला आणि खरोखरच वाचायला लागले. मानेपासून सुरुवात केली. खांदा, दंड, कोपर. ते एकेक ओळ चूक शोधल्यासारखी वाचत होते. पाठ, कंबर, मांडी.

बाकाच्या टोकाला एक निवृत्त पोस्टमन बसला होता. दोन महिने तो गुडघा शेकायला येत होता आणि गुडघ्याला काडीचाही फरक नव्हता. डॉक्टर वाचू लागले तसा तोही वाचू लागला. मग काठीवर भार देत उठला, भिंतीपाशी आला आणि पाठमोऱ्या माणसाच्या कमरेवर काठीचे टोक टेकवले. तिथून एक जाड पिवळी रेघ निघाली होती. तिच्याखाली लिहिले होते, 'कमरेतली कळ या वाटेने पायात उतरते.' काठीचे टोक रेघेवरून हळूहळू खाली आले. बैठकीवरून, मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खोबणीतून, पोटरीच्या बाहेरून, पावलापर्यंत.

"हे माझं आहे," पोस्टमन म्हणाला. "हेच. अगदी असंच जातं."

मोठे डॉक्टर वळले. "तुमचा तर गुडघा ना?"

"मला विचारलं, कुठे दुखतं. मी म्हणालो, गुडघ्यामागे. कुठून निघतं ते कुणी विचारलंच नाही." त्याने काठी जमिनीवर टेकवली. "तीस वर्षं टपाल वाटलंय, साहेब. पत्र जिथं पोचतं तिथूनच निघालेलं नसतं."

बाकावर कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोस्टमनला पलंगावर उताणे झोपवले आणि त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलला. पाय हातभर वर गेला असेल नसेल, पोस्टमन "आई गं!" करून कळवळला.

"अंगठ्याला मुंग्या येतात?"

"अंगठा तर बेपत्ता झालाय. आहे की नाही तेच कळत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी फाईल मागवली. पहिल्या पानावरचा 'गुडघा' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला, वर काही लिहिले आणि सही केली. "कमरेचा एमआरआय. आजच. आणि गुडघ्याचा शेक बंद."

जाताना ते पुन्हा भिंतीपाशी थांबले. पोटरी आणि टाच वाचायची राहिली होती. तीही वाचली. मग चष्मा खिशात घालून, कुणाला काही न सांगता, पुढच्या खोलीकडे निघून गेले.

"पुसायचं की नाही?" बायकोने हळूच विचारले.

"चूक सापडली का त्यांना?" पेंटर म्हणाला.

"नाही."

"मग फडकं खोच."

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका दुपारी, फिजिओने नेहमीप्रमाणे पेंटरचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि मनगटाच्या मागे बोट टेकवून म्हणाली, "उचला." पेंटरने सवयीने प्रयत्न केला. फिजिओचे बोट होते तिथेच थबकले.

"पुन्हा करा."

त्याने केले. पंजा टेबलाच्या कडेच्या वर आला. बोटभर. थरथरत, पण आला. पडला. पुन्हा आला. बोटे अजून ऐकत नव्हती, अंगठा निपचित होता, पण मनगट उठले होते.

"काकू!" फिजिओ ओरडली. "काकू, बघा!"

बायको शिडीवर होती. चित्रातल्या दोन्ही माणसांच्या डोक्यांवर भिंतभर शीर्षक लिहायचे राहिले होते आणि ती त्यातल्या एका मोठ्या वेलांटीच्या मध्यावर होती. तिने मान वळवली, मनगट पाहिले. पेंटरने तिच्याकडे बघून डावा हात असा हलवला, की आधी वेलांटी पुरी कर. तिने ती पुरी केली. मग शिडीच्या पायरीवर बसून पदराने डोळे पुसले आणि कपाळाला लाल रंग लागला तो तिला शेवटपर्यंत कळला नाही.

पुढच्या आठवड्यात फिजिओच्या सांगण्यावरून तो हलकी कामे करू लागला. डबे उघडणे, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुणे. उजव्या हातात ब्रश धरून तो टर्पेंटाइनच्या डब्यावर मनगट वर-खाली करत असतानाच मोठे डॉक्टर आत आले. या वेळी राउंड नव्हता, मागे परिचारिकांची रांगही नव्हती. त्यांनी भिंत एकदा नजरेखालून घातली आणि सरळ त्याच्यापाशी आले.

"तुम्ही इथे आहात ते बरं झालं. वरच्या मजल्यावर कानाच्या विभागातली भिंत रिकामी आहे. तिथे कान हवाय. आतून, बाहेरून, सगळा." ते जरा घुटमळले. "आणि खाली ते... तसंच. लोक म्हणतात तसं. कधी जमेल, पेंटर?"

त्याने ब्रश निथळला, फडक्याला पुसला आणि आडवा ठेवला. मग ताठ उभा राहिला.

"पेंटर शिडीवर आहेत, साहेब," तो म्हणाला. "त्यांना विचारा."

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली. तिच्या दातांत एक ब्रश होता, दुसरा भिंतीवर चालला होता. बोलता येत नव्हते. मागे वळून न बघता तिने मोकळा हात वर केला, थांबा म्हणून.

मोठे डॉक्टर खिशात हात घालून थांबले.